पिवळीची पुढची काच

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी मोटार ड्रायव्हिंग स्कूल (मालकीण, शिक्षिका आणि झाडूवाली, सगळं मीच), सध्या निवृत्त, असे लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कोणी धाक दाखवलेला नाही, आणि सकाळपासून चहाखेरीज पोटात काहीही गेलेलं नाही. डोक्याबद्दलचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा आहे. माझी भाची वकील आहे आणि हा कागद तीच करून देते आहे. ती म्हणाली, "मावशी, याला दातांच्या डॉक्टरचा दाखला चालत नाही." मी म्हटलं, "का गं? माझ्या मेंदूच्या इतक्या जवळ दुसरं कोण पोचलंय?" दाखला जोडला आहे, तो राहू दे.

मृत्युपत्र जरा गंभीरपणे लिहायचं असतं, असंही ती म्हणाली. गंभीर मी पुढे होणारच आहे, आणि एकदा झाले की कायमची. आज मात्र मला ते जमत नाही. पिवळीला काच बसली! सकाळी वेणी घालताना मी चक्क शिट्टी वाजवत होते. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वळून वळून बघत होती. बघू दे बापडीला.

पिवळी म्हणजे आमची जुनी मोटार. दोनच माणसं मावतात, डोक्यावर टप नाही, आणि पुढची काच पितळी चौकटीत उभी. माझ्या यजमानांनी लग्नानंतर लगेच घेतलेली. ती आणि तिची काच यांच्याभोवतीच हा सगळा कागद फिरणार आहे, तेव्हा वाचणाऱ्याने तयारीत असावं.

आणखी एक आत्ताच सांगते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाईंनी फसवलं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक भाची. दुसरी सही करायला आज दुपारी काचवाल्यांना चहाला बोलावलं आहे. पिवळीची काच त्यांनीच केली. त्यांना वाटतंय, सही ठोकायची, चहा प्यायचा आणि दुकानात परत. तसं नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेला कायदा असा आहे की मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचं मिळणं बुडतं. काचवाल्यांनी सही केली, तर ते आहेत तसे माझे काचवाले राहतील आणि मी मनाला लावून घेणार नाही. (घेईन. दाखवणार नाही.) नाही केली, तर माझं उरलेलं आयुष्य वेगळं होईल. कसं, ते शेवटच्या कलमात आहे. भाची हा कागद त्यांना पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तेव्हा काचवाले, नमस्कार, या, बसा. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो, जपून.

कलम पहिले. राहतं घर, भांडीकुंडी, शिवणयंत्र आणि वरच्या खोलीतलं मोठं कपाट भाचीच्या लेकीला. भाचीला नाही, कारण ती साक्षीदार. मी तिला विचारलं होतं, घर हवं की सही? म्हणाली, "घर पोरीला दे, मावशी. मला फक्त त्या दुपारी तिथे बसून बघायचंय." कपाटाचं दार उघडताना थोडं वर उचलावं लागतं. जोर लावला तर बिजागरी निखळते, हे पोरीला सांगून ठेवावं.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल त्यातून, घरच्यांनी "तुला कशाला गाडी?" असं विचारलेल्या बायकांना गाडी शिकवावी. शिकवणारा ओरडणारा नसावा. मी ओरडायचे, पण ते प्रेमाने, आणि माझ्या हाताखालून गेलेली एकही बाई अजून कुठे धडकलेली नाही. बुवांची खात्री देत नाही.

कलम तिसरे. माझे धाकटे दीर. घरात त्यांना सगळे सल्लागार म्हणतात, कारण कुणाच्याही घरचं कुठलंही काम असो, हे बाजूला उभे राहून सल्ला देतात. यांना मी आमच्या गॅरेजातली लाकडी शिडी देते.

शिडीच का, हे त्यांना ठाऊक आहे, पण ते कबूल करणार नाहीत, म्हणून इथे लिहिते. यजमान हयात असतानाची गोष्ट. गॅरेजातला दिवा गेला होता. सल्लागार म्हणाले, मी बदलतो. शिडी भिंतीला लावायची की नाही? यांनी लावली पिवळीला. शिडी घसरली, पुढची काच खळ्ळकन खाली. बाहेर येऊन मला म्हणतात कसे, "वहिनी, काच आधीपासूनच कमजोर होती." नाचता येईना अंगण वाकडं! तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक जेवणाच्या पंगतीत हे "कमजोर काच" पुराण मी ऐकत आले आहे. शिडी मात्र मुळीच कमजोर नाही. अजून शाबूत आहे. घेऊन जावी आणि रोज बघावी.

जाऊबाईंना, म्हणजे सल्लागारांच्या पत्नीला, मी माझ्या शाळेच्या गाडीतला माझ्या बाजूचा ब्रेक देते. शिकाऊ माणूस शेजारी बसला की शिक्षिकेच्या पायाखाली तो दुसरा ब्रेक असायचा. शाळा बंद करून गाडी विकली तेव्हा तेवढा मी काढून ठेवला. भाऊजी सल्ला द्यायला लागले की जाऊबाईंनी तो दाबावा. गाडी थांबणार नाही, पण बरं वाटतं. मी स्वतः अजून दुसऱ्याच्या गाडीत बसले की पाय दाबते.

आता खरी गोष्ट. काच फुटल्यावर यजमान म्हणाले, "पुढच्या महिन्यात बसवू." फार गोड माणूस होता. विम्याच्या कचेरीत काम करायचा आणि रविवारी पिवळीला मऊ फडक्याने पुसायचा. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, पण "पुढच्या महिन्यात" हे त्याचं आवडतं वाक्य होतं. पिवळीवर ताडपत्री पडली ती पडलीच. महिने गेले, मग तोही गेला. मी ताडपत्रीला हात लावला नाही. खालून त्याचाच वास येईल असं वाटायचं, आणि मला ते सोसणार नव्हतं.

शाळा बंद केली त्या दिवशी मी घरी आले, चावी खुंटीला लावायला गेले, तर हातात चावीच नाही. आयुष्यभर गाडी चालवलेल्या बाईकडे चालवायला काही नाही! अश्शी चिडले म्हणता. सरळ गॅरेजात गेले आणि ताडपत्री ओढून काढली. वास आला तो उंदरांचा. हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

इंजिनाचं काम मिस्त्रीने केलं. काचेला मात्र कोणी हात लावेना. जो तो म्हणे, असली काच आता मिळत नाही, भंगारात द्या. मग मला आठवलं की यजमानांच्या फोटोला चौकट ज्यांनी केली, ते काचवाले आहेत. चौकातून आत वळलं की फोटोंच्या चौकटींचं आणि आरशांचं दुकान. हे गृहस्थ फार पूर्वी माझ्या शाळेत गाडी शिकायलाही आले होते आणि क्लचला घाबरून चार दिवसांत पळून गेले होते. पत्नी गेल्यापासून एकटेच राहतात. मी जाऊन उभी राहिले. "अहो काचवाले, मोटारीला काच बसवता का?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, मी फोटोंना काच बसवतो. फोटो पळत नाहीत."

"पिवळीपण गेली कित्येक वर्षं पळालेली नाही," मी म्हटलं. "फोटोच समजा."

कलम चौथे. काचवाल्यांचा गुण्या, म्हणजे कोपरा काटकोनात आहे की नाही हे बघायचं त्यांचं लोखंडी हत्यार, माझ्या स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात आहे, तो त्यांना परत द्यावा. वस्तू मुळात त्यांचीच, त्यामुळे ही देणगी नव्हे, असं भाचीने तपासून सांगितलं आहे. पण देताना पिवळी जवळपास नाही, याची खात्री करावी.

कारण सांगते. मी पितळी चौकट गाडीवरून काढून त्यांच्या दुकानात नेऊन दिली. त्यांनी ती घासली, चकचकीत केली, स्क्रूची भोकं साफ केली. मग सवयीने कोपऱ्याला गुण्या लावला. चौकट वाकडी! आता जन्मभर चौकटी करणारा माणूस. त्याला वाकडी चौकट म्हणजे पायातला खडा. त्यांनी ती लाकडी ठोकळ्यांमध्ये धरली आणि चार दिवस खपून, गोंजारून, चारी कोपरे अगदी काटकोनात आणले. मला बोलावून दाखवलं. लहान मुलाने चित्र दाखवावं तसे उभे होते. मी म्हटलं, वा! मला तरी काय कळत होतं?

मग त्या मापाची काच कापली. ही काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये चिवट पापुद्रा, म्हणजे तडकली तरी अंगावर उडत नाही. रबराची पट्टी लावून चौकटीत बसवली. टेबलावर बघाल तर दृष्ट लागावी. गाडीवर नेली, खालचे स्क्रू आवळायला घेतले, आणि टक्. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भांग पाडल्यासारखी रेघ.

मूळ गोष्ट अशी, की पिवळीचं अंगच मुळात थोडं पिळलेलं आहे. चौकट वाकडी नव्हती, चौकट पिवळीच्या अंगाची होती! तिला सरळ केल्यावर ती पिवळीला कशी होणार? काचवाल्यांनी हत्यारं गोळा केली. दुकानात गेले आणि भरदिवसा शटर ओढून आत बसले. मी शटरवर थापा मारल्या. "अहो, उघडा! मी काय तुमचा गळा धरणार आहे का? चौकट परत वाकडी करायची आहे, उठा."

आतून आवाज आला, "बाई, मी वाकड्या सरळ करतो. सरळ चौकट वाकडी करायचा हात नाही माझा."

"मी आहे ना."

ते दृश्य तुम्ही बघायला हवं होतं. चौकट गाडीवर चढवलेली, एका बाजूला ते, एका बाजूला मी. मी सांगते, "दाबा. आणखी. आता सोडा, हळू, क्लच सोडतात तसा." ते कपाळाचा घाम पुसत म्हणतात, "क्लचमुळेच तर मी तुमची शाळा सोडली." आणि मला असं हसू फुटलं की मी पिवळीच्या पायरीवरच बसले. मग तेही हसायला लागले. त्या माणसाला मी त्याआधी कधी दात दाखवताना पाहिलं नव्हतं. छान आहेत. दातांचे डॉक्टरही तसंच म्हणतील.

मग गाडीवरच पुठ्ठा धरून नमुना कापला. एक कोपरा बोटभर लांब आला. त्या नमुन्याची काच टेबलावर ठेवली तर कोणीही म्हणावं, कारागीर प्यायला होता. पण गाडीवर? सुळ्ळकन बसली. स्क्रूही त्यांनी मला पूर्ण आवळू दिले नाहीत. "एक फेरा सैल ठेवा, बाई. काचेला श्वास घ्यायला जागा लागते." आणि निघताना गुण्या माझ्या हातात दिला. "हा तुमच्याकडे ठेवा, नाहीतर मी पुन्हा सरळ करीन."

कलम पाचवे. पिवळी.

हे कलम मी कितीदा लिहिलं आणि खोडलं ते भाचीला विचारा. आधी साधं वाक्य होतं : गाडी, तिची चौकट, काच आणि हत्यारांची पेटी काचवाल्यांना द्यावी. लिहिताना बरं वाटलं. पण मग मला गेल्या रविवारची फेरी आठवली.

काच बसवल्यावरची पहिली फेरी. शेवटची घरं मागे पडली, दोन्ही बाजूंना शेतं, रस्ता मोकळा. समोर ती काच, स्वच्छ, आरपार. एवढ्या खटाटोपाने मिळालेली. मी म्हटलं, "बघा, डोळ्यांत धूळ नाही, वारा नाही. समाधान झालं का?" काचवाल्यांनी काचेवरून एकदा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "बाई, एक विचारू? आता ती झोपवू या का?"

अहो! पिवळीच्या काचेची चौकट पुढे बॉनेटवर आडवी झोपवता येते, हे खरं. पण इतक्या खटपटी केल्या, एक काच तडकवली, आणि काच बसल्या बसल्या या माणसाला ती खाली झोपवायची! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते लाजले. म्हणाले, "काच नसताना वारा खावा लागतो. काच असताना खाल्ला, तर तो आपल्या मर्जीने."

गाडी बाजूला घेतली. झोपवायची तर दोन्ही बाजूंचे नट एकाच वेळी सैल करावे लागतात. एक बाजू आधी सोडली की चौकट पिळवटते आणि काच जाते. म्हणजे दोन माणसं लागतात, दोन बाजूंना, एकमेकांकडे बघत. आम्ही उभे राहिलो. मी म्हटलं, "एक, दोन..." आणि काच हळूच खाली झोपली. मग काय सांगू! वारा असा तोंडावर आला की माझा अंबाडा सुटला. काचवाल्यांच्या तोंडात चिलट गेलं, तरी तोंड मिटेना. ओरडत होते! ज्या माणसाचा आवाज मी कधी दुकानाच्या उंबऱ्याबाहेर ऐकला नाही, तो दोन्ही हात वर करून ओरडत होता, आणि मीही. रस्त्याकडेच्या गाईसुद्धा बघायला लागल्या. एकाहत्तराव्या वर्षी! मी यजमानांना मनात म्हटलं, बघ रे, पुढचा महिना आला.

तर कलम पाचवे लिहिताना माझ्या लक्षात आलं की मी मेल्यावर पिवळी काचवाल्यांना देऊन काडीचाही उपयोग नाही. ते एकटे. काच झोपवणार कशी? उभ्या काचेमागे बसून राहतील बिचारे, तेही बंद गाडीत, कारण चालवता कुठे येतेय? पिवळी ही कोणी मेल्यावर कोणाला द्यायची वस्तूच नाही. ती दोघांनी जिवंतपणी वापरायची आहे. म्हणून मी मेल्यावर पिवळीचं काय करायचं, हे इथे ठरवत नाही. ते खालच्या कलमावर आहे.

कलम सहावे आणि शेवटचे. काचवाले, चहा निवला असेल तर भाची दुसरा देईल.

मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. हे तोंडाने सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तुम्हाला रबराच्या पट्टीबद्दल काहीतरी विचारून आले. म्हणून कायद्याच्या आडून सांगते. तुम्ही या कागदावर साक्षीदार म्हणून सही केलीत, तर मी समजेन की तुम्हाला हे नको आहे. आपण चांगले स्नेही राहू. सही केली नाहीत, तर हो समजेन. एकच अट : लायसन काढायचं. क्लचसकट.

आणि काळजी करू नका, तुम्ही हो म्हणालात तर हा कागद तसाही बाद होणार आहे. आपल्या ख्रिस्ती लोकांत लग्न लागलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. भाचीने हे सांगितलं तेव्हा डोक्याला हात लावला होता. म्हणाली, "मावशी, मग आपण हे लिहितोय कशाला?" मी म्हटलं, "रद्द व्हावं म्हणून."

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. काचवाले आले. खुर्ची डुगडुगली. त्यांनी खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, घडी केली, पायाखाली सरकवली आणि मगच बसले. भाची वाचत होती. मी खिडकीकडे तोंड करून उभी. पुठ्ठ्याच्या नमुन्यापाशी म्हणाले, "बोटभर नाही, अर्धं बोट."  शेवटचं कलम संपलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. इतका वेळ कोणी चष्मा पुसतं का? मग म्हणाले, "सही कुठे करायची?"

 भाचीने जागा दाखवली. त्यांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं, कागदावर वाकले.

"इथे सही केली की गाडी मिळत नाही?"

"नाही," भाची म्हणाली.

"आणि बाई?"

"बाईपण नाही."

त्यांनी टोपण लावलं आणि पेन स्वतःच्या खिशात घातलं. माझं पेन! "मग दुसरा कोणीतरी बघा," म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता, कानापर्यंत लाल होत, "बाई, त्या क्लचच्या अटीचं मात्र जरा..."

"अट कायम आहे," मी म्हटलं.  मी रडत होते आणि हसत होते, आणि भाची तर सरळ टाळ्या वाजवत होती.

तेव्हा हे मृत्युपत्र येत्या शुक्रवारी, लग्न लागताच, रद्द समजावं. तोवर मला काही झालंच, तर वरीलप्रमाणे करावं. पण तोवर मला काही होणार नाही. उद्या सकाळी क्लचचा पहिला धडा आहे.

लिहून ठेवणारीची सही : (भाचीच्या पेनाने)

साक्षीदार पहिली : भाची, वकील. मावशीचं डोकं ठिकाणावर आहे. मन नाही.

साक्षीदार दुसरे : काचवाले. (खोडले. गृहस्थांनी सहीस स्पष्ट नकार दिला.)

त्यांच्या जागी : शेजारचे दातांचे डॉक्टर, पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून आलेले.

स्थळ : आमचं गॅरेज (चहानंतर सगळे इथे आलो), पिवळीच्या बॉनेटवर.

दिनांक : आजचाच. काच झोपवलेली आहे, नट सैल आहेत, आणि समोरच्या बाजूला माणूस उभा आहे.